आयपीएलचा जमाखर्च कसा वाचावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

दर एप्रिलमध्ये माझ्या अकाउंट्सच्या वर्गात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: "सर, पंजाबने २००८ ते २०२५ मध्ये एकदाही कप उचलला नाही. तरी मालक डोक्याला हात लावून बसलेले दिसत नाहीत, ते कसं?" प्रश्न अगदी योग्य आहे. मैदानात हरणं वेगळं आणि धंद्यात बुडणं वेगळं, आणि हे का वेगळं आहे ते एकदा कळलं की आयपीएलच्या बातम्या वाचण्याची नजरच बदलते. हा लेख त्यासाठी आहे. तुम्ही कॉमर्सचे विद्यार्थी असा, स्पोर्ट्स मॅनेजमेंटकडे वळायचा विचार करत असा किंवा नुसते क्रिकेटवेडे असा. एक वही, एक पेन आणि भागाकार एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी: पानावर उभी रेघ मारा

वहीचं एक कोरं पान घ्या आणि मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे लिहा 'सामाईक', उजवीकडे लिहा 'घरचं'.

आयपीएल म्हणजे एक एकत्र कुटुंब समजा. दहा भाऊ आणि घरची कर्ती बीसीसीआय. शेतीचा मोठा पैसा एकाच गल्ल्यात येतो, कर्ती आपला वाटा काढून ठेवते आणि उरलेला भावांना देते. शिवाय प्रत्येक भावाचा एखादा जोडधंदा असतो, त्याची कमाई ज्याच्या त्याच्या खिशात. सामने दाखवण्याचे हक्क आणि लीगचे प्रायोजक हा गल्ल्यातला पैसा, म्हणजे डावीकडचा. तिकीटं, जर्सीवरच्या जाहिराती, टोप्या आणि टीशर्ट हा उजवीकडचा. यापुढे पैशाची कुठलीही बातमी वाचलीत की आधी एवढंच ठरवा: ही रक्कम रेघेच्या कोणत्या बाजूला जाते? माझ्या अनुभवात नवख्यांचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

दुसरी पायरी: डाव्या बाजूचा सगळ्यात मोठा आकडा लिहा

जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांचा ई-लिलाव झाला. एकूण रक्कम ४८,३९० कोटी रुपये. भारतीय उपखंडातला टीव्ही डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतला, मोबाइल आणि इंटरनेटवरचे मुख्य हक्क व्हायाकॉम१८ ने २०,५०० कोटींना. उरलेले दोन छोटे गट वेगळे. हिशेब पाच वर्षांच्या ४१० सामन्यांवर होता. आता भागाकार करा: टीव्हीसाठी एका सामन्याला साडेसत्तावन्न कोटी, मोबाइलसाठी ५० कोटी, सगळं मिळून सुमारे ११८ कोटी. त्याआधीच्या पाच वर्षांसाठी, २०१८ ते २०२२, स्टारने १६,३४७.५ कोटी मोजले होते. एका फटक्यात जवळजवळ तिप्पट.

हा पैसा उभा कुठून राहतो, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवले गेले, तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. मध्येच खेळ थांबला. खेळाडू घोळक्याने उभे राहून पाणी पीत होते, प्रशिक्षक आत येऊन बोलत होते. भाचा वैतागला, "मामा, हे थांबले का?" आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांच्या मोबाइलवर तोच सामना काही सेकंद मागे चालू होता. मैदानात नुसत्या पाण्याच्या बाटल्या फिरत होत्या आणि काकांच्या मोबाइलवर एकामागून एक जाहिराती: रंग, मोटारसायकल, विमा. मी भाच्याला म्हटलं, "खेळ थांबलाय तो त्या मोबाइलसाठी."

त्या विश्रांतीला 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' म्हणतात. २००९ मध्ये ती आली तेव्हा डावाच्या मध्यावर एकच आणि साडेसात मिनिटांची होती. पुढे प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन झाल्या. म्हणजे एका सामन्यात दहा मिनिटं. शिवाय प्रत्येक षटकानंतरची फट आणि प्रत्येक विकेटनंतरची फट. पुढच्या सामन्यात एका डावातल्या जाहिराती मोजून पाहा, कुठल्या वस्तूंच्या आहेत ते लिहा. ११८ कोटी वसूल करण्याची धडपड त्या यादीत दिसते.

आता वाटणी. बीसीसीआयच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात आयपीएल २०२३ चं उत्पन्न ११,७६९ कोटी आहे, त्यातलं प्रक्षेपण हक्कांचं ८,७४४ कोटी. साधारणपणे या सामाईक पैशातला निम्मा वाटा संघांचा. ढोबळ हिशेबाने ८,७४४ चे अर्धे ४,३७२, भागिले दहा: एका संघाला सुमारे ४३७ कोटी. यातला बराचसा भाग सारख्या वाट्याने मिळतो, तुम्ही पहिले आलात की शेवटचे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आणि विजेत्याचं बक्षीस? २० कोटी. पंजाबच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. शिवाय शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीचा वाटाही पक्का.

इथे एक इशारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला माध्यम व्यवसाय एकत्र झाला. म्हणजे २०२२ मध्ये एकमेकांविरुद्ध बोली चढवणारे दोघे आता एकाच घरात राहतात. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि आयपीएलच्या जाहिरातदारांतला एक अतिशय खर्चिक गट बाहेर गेला. पुढची किंमतही अशीच तिप्पट होईल असं गृहीत धरून कुणी हिशेब मांडत असेल, तर तो हिशेब मी पुन्हा तपासेन.

तिसरी पायरी: प्रायोजक, पण घाईने

इथे फार रेंगाळू नका. शीर्षक प्रायोजकाचा, म्हणजे ज्याचं नाव लीगच्या नावाला जोडलं जातं त्याचा, पैसा डावीकडे. २००८ मध्ये डीएलएफने पाच वर्षांसाठी २०० कोटी दिले होते, म्हणजे वर्षाला ४० कोटी. टाटांनी २०२४ ते २०२८ साठी २,५०० कोटी, म्हणजे वर्षाला ५०० कोटी कबूल केले. जर्सीच्या छातीवर, पाठीवर, बाहीवर आणि हेल्मेटवर दिसणारी नावं मात्र संघाने स्वतः विकलेली असतात, ती उजवीकडे. इथेच जिंकण्याला, नामांकित खेळाडूला आणि मोठ्या शहराला भाव येतो. एकाच आठवड्यात दोन संघांच्या जर्सीचे फोटो शेजारी ठेवा आणि नावं मोजा.

चौथी पायरी: तिकिटाची फोड करा

संघाला साखळीत घरचे साधारण सात सामने मिळतात. स्टेडियम संघाच्या मालकीचं नसतं: वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशनचं, गहुंजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं. म्हणजे गेटवरचा पैसा संघाचा असला तरी त्यातून आधी असोसिएशनचं शुल्क, मग पोलीस बंदोबस्ताचं शुल्क आणि मैदानावरचा बाकी खर्च भागवावा लागतो. बंदोबस्ताचा विषय आपल्याकडे बराच गाजला. २०२३ मध्ये राज्य सरकारने हे शुल्क एकदम कमी केलं, आणि त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सार्वजनिक पैसा आणि खासगी नफा यांची सीमा कुठे ओढायची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हीही तो वहीत लिहून ठेवा.

मग कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर २८ ऐवजी ४० टक्के जीएसटी आहे. मूळ हजार रुपयांचं तिकीट आधी १,२८० ला पडायचं, आता १,४०० ला. हे वरचे ४०० रुपये संघाला मिळत नाहीत, पण स्टँडमध्ये यायचं की घरी बसायचं हे ठरवणारा माणूस तेही मोजतोच.

घरचा सामना गेला की उजव्या बाजूचा मोठा घास जातो. २०१६ चा दुष्काळ आठवा. लातूरला रेल्वेने पाणी नेलं जात होतं आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला, पुण्याच्या तेव्हाच्या संघाला, रायझिंग पुणे सुपरजायंट्सला, विशाखापट्टणम गाठावं लागलं. निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ध्यानात घ्या: न्यायालयाच्या त्या एका आदेशाने पुण्याच्या उजव्या बाजूला धक्का बसला, डावी बाजू जागची हलली नाही.

पाचवी पायरी: संघ किती दराने घेतला, ते शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ मागते, आणि तिला तेवढा वेळ द्याच.

जानेवारी २००८ मध्ये आठ संघ विकले गेले. सगळ्यात महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलर. सगळ्यात स्वस्त राजस्थान, ६ कोटी ७० लाख डॉलर. ही रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांत द्यायची होती. डॉलर तेव्हा चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे मुंबईचा हप्ता वर्षाला साधारण ४५ कोटी. दहा वर्षं संपल्यावर, २०१८ पासून, जुन्या संघांनी आपल्या उत्पन्नाच्या २० टक्के रक्कम बीसीसीआयला द्यायची असा नियम लागू झाला.

आता पुण्याच्या त्याआधीच्या संघाची, पुणे वॉरियर्सची, गोष्ट. २०१० मध्ये सहाराने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे १,७०२ कोटी रुपये मोजले. भागिले दहा: वर्षाला १७० कोटी. मुंबईच्या जवळजवळ चौपट हप्ता, आणि तोही प्रक्षेपणाचा गल्ला आजच्यासारखा फुगलेला नसताना. बोली लावली ती हंगामात ९४ सामने होतील या हिशेबाने. २०११ मध्ये ठरले ७४. सामने कमी झाले की डावी बाजू आणि उजवी बाजू दोन्ही आटतात, हप्ता मात्र तेवढाच राहतो. फीवरून, म्हणजे या हप्त्यावरून, वाद पेटला, २०१३ मध्ये बीसीसीआयने बँक गॅरंटी वटवली, सहाराने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी करार संपला. गहुंजेच्या स्टँडमध्ये निळे झेंडे घेऊन बसलेल्या आम्हा पुणेकरांना संघाचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

बँक गॅरंटी म्हणजे काय, हे इथेच समजून घ्या. मालकाने पुढची फी दिली नाही तर बँक देईल, असं लेखी हमीपत्र. लीगच्या सगळ्या चकचकाटामागचा सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. पुण्याबरोबरच आलेल्या कोचीच्या संघाचा एका हंगामानंतर, २०११ मध्ये, करार रद्द झाला तो याच गॅरंटीवरून. ते भांडण लवादात गेलं, लवादाचा निकाल बीसीसीआयच्या विरुद्ध लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो कायम ठेवला. रक्कम ५३८ कोटींच्या वर. संघ खेळला एक हंगाम, कोर्टाचा सामना चालला चौदा वर्षं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये लखनौ ७,०९० कोटींना गेला आणि अहमदाबाद ५,६२५ कोटींना. लखनौचा वर्षाचा हप्ता ७०९ कोटी. दुसऱ्या पायरीतला ४३७ कोटींचा वाटा त्याच्याशेजारी लिहा. त्यात खेळाडूंचा खर्च अजून आलेलाच नाही. म्हणजे पहिली काही वर्षं मालक खिशातून घालणार, आणि दहा वर्षांनी हातात राहणाऱ्या मालमत्तेवर त्याची भिस्त. जुन्या आणि नव्या संघांचा नफा एकाच तक्त्यात मांडून कोण श्रेष्ठ हे ठरवणारी बातमी दिसली की म्हणूनच थबका. एकाचं घराचं कर्ज फिटलंय, दुसऱ्याचं आत्ता सुरू झालंय.

सहावी पायरी: लिलाव बघताना दोन रकाने करा

लिलाव सगळ्यांना आवडतो, पण बहुतेक जण त्यात फक्त खेळाडूचं नाव आणि कोटींचा आकडा बघतात. तुम्ही प्रत्येक संघासाठी दोन रकाने ठेवा: उरलेले पैसे आणि उरलेल्या जागा.

२०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम, १२० कोटींची होती. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी आठपर्यंत. आधी राखून ठेवलेल्या खेळाडूंचे पैसे पर्समधून वजा होतात. भारताकडून किंवा आपल्या देशाकडून खेळलेले पाच जण ठेवले तर १८, १४, ११, १८ आणि १४ मिळून ७५ कोटी गेलेच. उरले ४५. या नियमांमुळे किंमत ठरते ती त्या मिनिटाला दोन टेबलांवर किती पैसे आणि कुठली जागा शिल्लक आहे त्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात पंजाबने श्रेयस अय्यरला २६.७५ कोटींना घेतलं आणि थोड्याच वेळात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना. त्याच लिलावात अजिंक्य रहाणेला पहिल्या फेरीत कुणी घेतलं नाही, शेवटी कोलकात्याने दीड कोटीला घेतलं आणि पुढे कर्णधारही केलं. शार्दूल ठाकूर न विकलेलाच राहिला. नंतर लखनौचा एक गोलंदाज जायबंदी झाला आणि त्याच्या जागी शार्दूल दोन कोटींना संघात आला. दोन रकाने समोर असतील तर हे धक्के कमी बसतात.

नवख्यांसाठी दोन बारीक गोष्टी. बोलीची रक्कम एका हंगामाची असते. आणि दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या वर्षांत होणाऱ्या छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या हातात पडणाऱ्या रकमेला आता मर्यादा आहे: डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने कॅमेरून ग्रीनवर २५.२० कोटींची बोली लावली, पण त्याला मिळणार १८ कोटी. वरचे पैसे खेळाडूंच्या कल्याणासाठी बीसीसीआयकडे.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारा हिशेब. २०२२ मध्ये पर्स ९० कोटी होती. २०२३ मध्ये प्रक्षेपणाचा पैसा उड्या मारत वर गेला, पर्स झाली ९५ कोटी. दहाही संघांनी ती शेवटच्या रुपयापर्यंत खर्च केली असं धरलं तरी ९५० कोटी. लीगचं उत्पन्न ११,७६९ कोटी. म्हणजे बारा रुपयांतला जेमतेम एक रुपया खेळाडूंचा. २०२५ पासून प्रत्येक सामन्याला साडेसात लाखांची मॅच फी वेगळी मिळू लागली, हे चांगलं झालं. त्याचा खरा उपयोग ३० लाखांच्या मूळ किमतीवर घेतलेल्या पोराला होतो. पण ज्यांच्या खेळावर हे सगळं उभं आहे त्यांचा वाटा इतका कमी असावा, हे मला पटत नाही. सध्या खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची संघटना नाही. वाटाघाटीला त्यांच्या बाजूने बसणारं कुणी नाही. २७ कोटींच्या मथळ्यात ही गोष्ट झाकली जाते.

सातवी पायरी: खरे कागद उघडा

सन टीव्ही नेटवर्क ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी हैदराबादच्या संघाची मालक आहे, त्यामुळे तिच्या तिमाही निकालांत क्रिकेटचा आकडा सापडतो. एप्रिल ते जून ही तिमाही आधी उघडा, हंगामाचा बराचसा भाग त्यातच येतो. चेन्नईचा संघ चालवणारी कंपनी बाजारात नोंदलेली नाही, पण तिचे भागधारक पुष्कळ आहेत आणि वार्षिक अहवाल वाचायला मिळतात. सुरुवातीला फक्त तीन ओळी शोधा: बीसीसीआयकडून आलेलं उत्पन्न, खेळाडूंवरचा खर्च आणि बीसीसीआयला दिलेली फी. बाकीच्या पानांचं ओझं पहिल्याच दिवशी घेऊ नका.

संघाची 'किंमत' सांगणाऱ्या बातम्यांत एक फरक पाळा. ब्रँडचं मूल्य हा सल्लागार संस्थांचा अंदाज असतो. प्रत्यक्ष व्यवहाराला जास्त वजन द्या. २०१८ मध्ये जेएसडब्ल्यूने दिल्लीचा अर्धा हिस्सा ५५० कोटींना घेतला, म्हणजे पूर्ण संघ ११०० कोटींचा. हा आकडा कुणीतरी खरोखर चेक फाडून सिद्ध केलेला आहे.

महिला प्रीमियर लीगसाठी वेगळं पान करा. प्रक्षेपण हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटी, सामन्याला सुमारे सात कोटी. आणि जानेवारी २०२३ मध्ये पाच संघ विकले गेले ४,६६९.९९ कोटींना. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूने ३.४० कोटी दिले, तेव्हा एका संघाची पूर्ण पर्स १२ कोटींची होती. इथे मालकांनी गल्ला भरण्याआधीच घर घेतलंय, म्हणून हे पान वाचताना आयपीएलच्या २००८ शी तुलना करा, आजच्या आयपीएलशी नको.

सरावासाठी मात्र घराजवळची लीग घ्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग नव्याने सुरू झाली, सामने गहुंजेलाच. पुणेरी बाप्पा हा संघ एका मसाले कंपनीने तीन वर्षांसाठी १४.८ कोटींना घेतला, म्हणजे वर्षाला पाच कोटींपेक्षा थोडं कमी. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी त्या हंगामात नाशिककडून खेळला आणि त्याच डिसेंबरमध्ये लखनौने त्याला २० लाखांना उचललं. एका संध्याकाळी तिथे जा, वही सोबत न्या. डावांच्या मधल्या वेळेत सीमारेषेवरच्या पाट्या एका टोकापासून उतरवून घ्या आणि प्रत्येक नावापुढे खूण करा: पाटी लीगने विकलेली की संघाने? डावी बाजू किती भरते आणि उजवी किती, ते घरी येऊन मोजा.